पेरणी होंडाची, सुगी ब्रॉनची

५ डिसेंबर २००८ रोजी होंडा कंपनीने फॉर्म्युला वन मोटार शर्यतींतून अंग काढून घेतले. जागतिक मंदीने मोटारींचा खप घसरला होता. त्या मोसमात कंपनीच्या संघाला अवघे १४ गुण व नववे स्थान मिळाले होते. अशा खर्चाचे समर्थन करणे कोणत्याही संचालक मंडळास अवघडच गेले असते. परंतु जेमतेम चार महिन्यांनी, २९ मार्च २००९ रोजी, मेलबर्नच्या शर्यतीत इंग्लंडमधील त्याच कारखान्यात बनलेल्या गाड्यांनी पहिला व दुसरा क्रमांक पटकावला. चालकही तेच होते. संघाचे नाव तेवढे बदलले होते, कारण संघप्रमुख रॉस ब्रॉन यांनी सहकाऱ्यांसह तो नाममात्र एका पौंडास विकत घेतला होता. जेन्सन बटन याने पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या आणि चालकाचे व संघाचे अशी दोन्ही अजिंक्यपदे ब्रॉन संघाकडे गेली.

या यशाचे श्रेय बहुधा एका पळवाटेला दिले जाते. गाडीच्या मागील भागाखाली डिफ्यूझर नावाची रचना असते. तिच्यातून वाहणाऱ्या हवेमुळे गाडी रस्त्याला दाबून धरली जाते. नियमांच्या शब्दांत राहिलेली फट हेरून ब्रॉन संघाने ही रचना दुहेरी केली. प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली, पण एप्रिलमध्ये अपील न्यायालयाने ती वैध ठरविली. हे सारे खरे. तथापि टोयोटा व विल्यम्स या संघांकडेही अशीच रचना होती आणि त्या वर्षी त्यांना एकही शर्यत जिंकता आली नाही. तेव्हा कारण अधिक खोल असले पाहिजे.

ते कारण वेळेच्या गुंतवणुकीत आहे. २००९ साठी गाडीच्या हवेसंबंधीचे नियम आमूलाग्र बदलणार होते. फेरारीत अनेक अजिंक्यपदे पाहिलेले ब्रॉन २००७ च्या अखेरीस होंडात आले आणि चालू वर्षाच्या गाडीवरील काम लवकर आवरते घेऊन माणसे, यंत्रे व पैसा पुढील वर्षाच्या गाडीकडे वळविण्यात आला. अर्थशास्त्राच्या भाषेत, आजचा उपभोग आवरून भांडवल उभारण्याचाच हा प्रकार होता. १४ गुणांची नामुष्की ही त्याची किंमत होती. उलट फेरारी व मॅक्लारेन २००८ च्या अखेरच्या शर्यतीपर्यंत एका गुणाच्या झुंजीत गुंतले होते. पुढील मोसमात फेरारीच्या वाट्यास एक आणि मॅक्लारेनच्या वाट्यास दोन विजय आले.

केवळ पैशाने हे साधत नाही. २००२ ते २००९ या काळात टोयोटाने अमाप खर्च करूनही एकही शर्यत जिंकली नाही. थोडा वाटा दैवाचाही होता: होंडाचे इंजिन गेल्यामुळे ब्रॉन यांना मर्सिडीजचे अधिक सरस इंजिन घ्यावे लागले.

परंतु साठविलेले भांडवल नव्याने भरले नाही तर ते आटते. पैशाच्या चणचणीने शेकडो कामगारांना नोकऱ्या गमवाव्या लागल्या. ज्यांनी गाडी घडविली त्यांतील अनेकांना तिचा विजय बाहेरूनच पाहावा लागला. उत्तरार्धात रेड बुलने अंतर भरून काढले. शेवटच्या दहा शर्यतींत बटनला एकही विजय मिळाला नाही. आरंभीच्या आघाडीनेच त्याला तारले.

वर्षअखेर मर्सिडीजने हा संघ घेतला. पुढील चार वर्षांत तिला फक्त चार विजय मिळाले. मात्र २०१४ मध्ये इंजिनांचे नियम बदलले, तेव्हा त्यासाठी आधीपासून खपलेल्या या संघाने १९ पैकी १६ शर्यती जिंकल्या. २०२१ पासून वार्षिक खर्चावर मर्यादा आली. तरीही २०२२ च्या नव्या नियमांनंतर, २०२३ मध्ये, रेड बुलने २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या. खर्चाची मर्यादा वर्षाचा हिशेब समान करू शकते. वर्षानुवर्षे साठलेले ज्ञान ती समान करू शकत नाही.

त्या रेड बुलच्या गाडीतील इंजिन होंडानेच घडविलेले होते आणि २०२१ अखेर या खेळातून बाहेर पडण्याची घोषणा कंपनीने २०२० मध्येच केली होती. एकाच कंपनीने सुगीच्या तोंडावर शेत सोडण्याचा निर्णय दोनदा घ्यावा, हा निव्वळ योगायोग नव्हे. वार्षिक ताळेबंदात खर्च दिसतो, परंतु तो खर्च वाया गेला की पेरला गेला, हे त्यात दिसत नाही. ते ओळखण्यास कारखान्यात उतरून पाहणारा डोळा लागतो. २००८ च्या हिवाळ्यात तो ब्रॉन यांच्यापाशी होता. टोकियोतील हिशेबनिसांपाशी नव्हता.