स्वभावाला औषध

म्हणी शिकवताना प्राध्यापकाची एक मोठी सोय असते. म्हणीला कोणी पुरावा मागत नाही. ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण मी वर्षानुवर्षे अशीच शिकवीत आलो. अर्थ सांगावा, एखादे गमतीचे उदाहरण द्यावे, मुलांनी हसावे आणि तास संपावा. ते उदाहरण मी माझ्याच घरातून उचललेले असे, हे मात्र मुलांना ठाऊक नव्हते. आज दिवाळीच्या दिवसांत तीच म्हण पुन्हा काढून बसलो आहे. कारण तिच्या आधाराने माझ्या हातून एका माणसावर अन्याय झाला आहे.

आमचे घर पातूरला. अकोल्याहून वाशीमकडे निघाले की घाट लागण्याच्या अलीकडे, रेणुकामातेच्या टेकडीजवळचे हे गाव. मी नोकरीपायी बाहेर. शेतीवाडी थोरले बंधू पाहतात. दिवाळीला मात्र सगळे पातूरलाच जमायचे, हा शिरस्ता. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा वाऱ्यासारख्या होत्या. पहाटे चारला उठून चुलीपाशी बसत, गड्यांच्या भाकरी थापून होत, आणि तरीही नवरात्रात टेकडीच्या पायऱ्या एका दमात चढून जात.

धाकट्याच्या जन्मानंतर वर्षा-दोन वर्षांत काय झाले कोण जाणे, वहिनींची चाल मंदावली. चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला, आवाज घोगरा झाला. पुंजकेच्या पुंजके केस फणीत येत. जेवण दोन घासांचे, पण अंग वाढत चाललेले. दूध उतू जाई, भाजीत मीठ दोनदा पडे. आणि कार्तिकातल्या जराशा गारव्यात बाकीचे सदऱ्यावर बसलेले असताना या दोन घोंगड्यांत! आमच्या आत्याबाईंनी निदान केव्हाच करून ठेवले होते : “खायाले पाह्यजे अन् झोपाले पाह्यजे, दुसरं काय झालं तिले?”

मी शिकलेला माणूस. मी काही वेगळे बोललो असेन असे वाचकांना वाटेल. एका दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या पहाटे वहिनींना जाग आली नाही. त्या लगबगीने बाहेर आल्या तेव्हा मी सर्वांदेखत म्हणालो, “कुंभकर्णसुद्धा सणासुदीला उठला असता.” सगळे हसले. वहिनीही हसल्या आणि उटणे कालवायला बसल्या. असे आठ वर्षे चालले.

गेल्या वर्षी त्यांच्या हाताला मुंग्या येऊ लागल्या म्हणून बंधूंनी त्यांना अकोल्याला नेले. मीही बरोबर होतो. डॉक्टरांनी हात पाहिलाच, पण त्याहून अधिक वेळ त्यांचा चेहरा पाहिला आणि त्यांना नुसते बोलते ठेवले. मग खुर्चीवर गुडघे टेकवून उभे केले आणि टाचेमागच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल झटकन हलले, पण जागेवर परत यायला मात्र त्याने सावकाश वेळ घेतला. “रक्त तपासून घेऊ,” डॉक्टर म्हणाले, “पण मला वाटते, यांची थायरॉईड ग्रंथी थकली आहे.”

ग्रंथ आणि ग्रंथी हे दोन्ही शब्द बांधण्या-गुंफण्याच्या एकाच धातूतून आले, हे मी मुलांना सांगत असतो. जन्म ग्रंथांत गेला. ग्रंथींची ओळख अशी उशिरा झाली. त्या रात्री परतताना मोटारीत आणि नंतर महिनाभर जे मिळेल ते मी वाचले.

घामाच्या, लाळेच्या ग्रंथींना नळी असते; त्यांचा रस त्या वाटेने बाहेर पडतो. अंतःस्रावी ग्रंथींना नळीच नाही. त्या आपला रस थेट रक्तात सोडतात. गावात दवंडी पिटावी तसा हा प्रकार. दवंडी सगळ्यांच्या कानी पडते, पण ज्याचे काम असेल तोच उठतो. रक्तातला निरोपही सर्वांगभर फिरतो, पण जी पेशी तो ओळखते तीच कामाला लागते. इंग्रज शास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी १९०५ साली या निरोप्यांना ‘हॉर्मोन’ म्हटले. चालना देणे, चेतवणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. आपल्या मराठी परिभाषेने त्याला ‘संप्रेरक’ म्हटले. प्रेरणा कवीला होते एवढेच मला माहीत होते. ती यकृताला आणि स्नायूलाही लागते, हे नव्याने कळले.

थायरॉईड, म्हणजे अवटू ग्रंथी, गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी बसलेली असते. वजन दोन तोळ्यांच्या आतबाहेर. शरीराची शेगडी किती पेटती ठेवायची हे ती ठरवते. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, अंगाची ऊब, मनाची तरतरी, सगळ्यांत तिचा हात. तिला आयोडीन लागते. ते मिठातून मिळावे म्हणून आपल्या देशात १९६२ पासून गलगंडाविरुद्धची सरकारी मोहीम सुरू झाली. पण आयोडीन मिळूनही ही ग्रंथी निकामी होऊ शकते. शरीराचे रखवालदारच तिला परकी समजून तिच्यावर चाल करून जातात. हा विकार पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी अधिक, आणि बाळंतपणानंतरचा काळ त्याला अनुकूल.

तिच्यावर हुकमत मेंदूच्या तळाशी असलेल्या, हरभऱ्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीची. खालून रस पुरेसा आला की ही गप्प राहते. कमी पडला की हिचा आवाज चढतो. हा चढलेला आवाज म्हणजेच तपासणीच्या कागदावरची ती तीन अक्षरे, टी. एस. एच. वहिनींच्या कागदावर तो आकडा नेमापेक्षा कितीतरी पटींनी वर होता. मला आमचेच घर आठवले. सुनेचे हात चालेनासे झाले की सासरचा आवाज चढतो. तिला काय होते आहे हे विचारायची रीत नाही. पीयूषिकेला निदान तोंड नाही, तिला विचारता येत नाही. आम्हांला येत होते.

१८९१ साली इंग्लंडात न्यूकॅसलच्या डॉ. मरे यांनी अशाच एका थकल्या-सुजल्या बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. ती सुधारली आणि त्यानंतर २८ वर्षे जगली. आता मेंढी लागत नाही. तोच रस कारखान्यात तयार होतो. वहिनींची गोळी शंभर मायक्रोग्रॅमची, म्हणजे एका ग्रॅमचा दहाहजारावा भाग. रोज सकाळी अनशापोटी घ्यायची, बहुधा जन्मभर, आणि मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. जास्त झाली तर छाती धडधडते, हाडे झिजतात. दोन-तीन महिन्यांत घोंगड्या पेटीत गेल्या. आवाज परत आला. तो इतका गोड होता हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

अशी घाईघाईची निदाने आम्ही आणखी किती करतो! आमच्या शेतावर एक काटकुळे गडी आहेत. त्यांना मधुमेह निघाला तेव्हा ते चकित झाले : “म्या तं कधी गोडधोड खाल्लं नाही, मंग मले साखर कायची?” आम्हां लोकांच्या लेखी मधुमेह म्हणजे खादाडांचा आजार. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे आयुष्य हेच कोडे सोडवण्यात गेले. त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणे छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण अंगातली चरबी साहेबाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायकांचा अभ्यास आरंभला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्रज बाळे साडेतीन किलोंची. पण आपल्या बाळांत बारीक असतो तो स्नायू, चरबी मात्र टिकून राहते. आणि पुण्याच्या व लंडनच्या नवजात बाळांची तुलना केली तेव्हा आपल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्शुलिन अधिक आढळले. म्हणजे स्वादुपिंडाची ओढाताण जन्माआधीच, आईच्या पोटात सुरू झालेली. त्या गड्यांच्या साखरेत त्यांच्या आईच्या अर्धपोटी दिवसांचाही वाटा असू शकेल. आणि आपण त्यांनाच विचारतो, काय खाल्लेस?

एवढे वाचल्यावर मला एक आशा वाटू लागली. मीही तापट म्हणून प्रसिद्ध आहे. अवटू ग्रंथी फार जोरात चालली तर माणूस चिडखोर होतो, असेही वाचले होते. गुपचूप रक्त तपासून घेतले. सगळे आकडे नेमके जागेवर! माझ्या जिभेचा दोष कोणत्याही ग्रंथीवर ढकलता येत नाही, हे मला छापील कागदावर मिळाले. तेव्हा म्हण अगदीच खोटी नाही. पण कुठे लागू करायची ते मी उलटे शिकवत होतो.

गेल्या दिवाळीत मी पहाटे उठून माजघरात गेलो तर वहिनींची चकली तळून होत आली होती. मी काही बोलायची तयारी करीत होतो. इतक्यात त्यांनीच, कढईवरून नजर न काढता, हळूच विचारले, “भावजी, मंग म्या आळशी नव्हते नं?”

“नव्हता वहिनी,” मी म्हणालो. पुढचे शब्द मराठीच्या प्राध्यापकाला सुचले नाहीत. त्यांनी पहिल्या घाण्यातली चकली बशीत घालून माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, “गरम हाय, जपून.”