जीभ खोटी, आडनाव खरं

शाळेत शिकवलं की माणूस आधी बघतो, मग विचार करतो, मग ठरवतो. साफ झूट! आमच्या पुण्यात आधी ठरलेलं असतं. डोळा ठरल्याप्रमाणं बघतो आणि अक्कल मागनं कारणं गोळा करत पळते. माल केव्हाच उचललेला, कारकून पावती नंतर फाडतो, तसं.

2017 चा सप्टेंबर आठवा. पुण्यातल्या एका शास्त्रज्ञ बाईंनी सिंहगड रोड पोलिसांत फिर्याद दिली, की स्वयंपाकीण बाईनं जात लपवून आमच्याकडं गौरी-गणपतीचा सोवळ्यातला स्वयंपाक केला. पोलिसांनी गुन्हा नोंदवलासुद्धा! फिर्याद पोट बिघडल्याची नव्हती गड्यांनो, सोवळं मोडल्याची होती. खाल्लेलं केव्हाच जिरलं होतं. आडनाव कळलं आणि जिरलेलं अन्न मागल्या तारखेनं बाटलं. जिभेची साक्ष रद्द, आडनावाची मंजूर. (स्वयंपाकीण आमच्यातली नव्हती, मराठा होती. उतरंडीत मडकं कुठलंही असो, वरचं मडकं खाली असंच बघतं.) बोभाटा झाल्यावर फिर्याद मागं घेतली गेली.

पुष्कळ जण म्हणाले, ढोंग आहे. मला नाही तसं वाटत. त्या बाईंना खरोखरच बाटल्यासारखं वाटलं असणार, आणि भीती त्याचीच आहे. ढोंग्याचा बुरखा फाडता येतो. ज्याची कातडीच बुरखा झालीय, त्याचं काय फाडणार?

कारणं तेवढी बदलतात. 1929 च्या ऑक्टोबरात शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांची माणसं पर्वती चढली, तेव्हा पंचांनी मालकीचा कागद पुढं केला: देवस्थान खासगी आहे. मग बाकीचं पुणं काय पंचांच्या घरी पाहुणं म्हणून जात होतं? पुढं घटनेच्या 17 व्या कलमानं अस्पृश्यताच बंद केली. आता 'विटाळ' म्हणायची चोरी. म्हणून 'फसवणूक' म्हणायचं, 'भावना दुखावल्या' म्हणायचं.

मागल्या साली बहिणीसाठी पेठेत खोली बघायला गेलो. मालकानं भाडं सांगितलं, नळ दाखवला, मग आडनाव विचारलं. "तसं आमचं काही नाही हो, पण घरात आई असते." त्याच आईनं मला आडनावाआधी तांब्याभर पाणी दिलं होतं!

मी पोटासाठी मुंबईच्या गोदीत पोती उचलतो. डाळीची. आमच्या पाठीचा घाम त्या बारदानात मुरतो. तीच डाळ पेठेत येते, सोवळ्यात शिजते, वरण होऊन नैवेद्याच्या पानावर बसते. त्याची फिर्याद अजून कुणी दिलेली नाही.