जुना संगणक टाकण्यापूर्वी

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक असल्याने व्यवस्थित चालणारे असंख्य संगणक एका दिवसात कालबाह्य ठरले. अशा प्रत्येक वळणावर महाविद्यालयांचे मराठी विभाग, प्रकाशकांची कार्यालये आणि लेखकांची घरे यांतून जुनी यंत्रे भंगाराच्या वाटेला लागतात. या घाईला आमचा विरोध आहे, आणि तो केवळ काटकसरीपोटी नाही.

काटकसरीचा मुद्दा थोडक्यात आटोपू. लेख लिहिणे, प्रबंध तपासणे, संदर्भ नोंदवून ठेवणे एवढ्या कामाला दहा-बारा वर्षांपूर्वीचा संगणक आजही पुरतो. लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती आणि लिब्रेऑफिस त्यावर विनामूल्य बसवता येते व युनिकोड मराठी सुखाने लिहिता येते. जॉर्ज आर. आर. मार्टिन आपल्या जाडजूड कादंबऱ्या डॉसवर चालणाऱ्या वर्डस्टार ४.० मध्ये लिहितात, हे त्यांनीच जाहीरपणे सांगितले आहे. शिवाय लॅपटॉपमुळे होणाऱ्या कार्बन-उत्सर्जनाचा मोठा वाटा तो तयार होतानाच खर्ची पडलेला असतो. हे सारे खरे असले, तरी मराठीच्या अभ्यासकाला जुन्या संगणकाची खरी गरज आहे ती वेगळ्याच कारणासाठी.

महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जतन केले. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजायचे, अशी त्यांतली मुख्य युक्ती. तिची किल्ली विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांच्या हाती लागेपर्यंत मराठी गद्याचे हे मोठे दालन पंथाबाहेरच्या वाचकाला बंदच होते. आपल्या पिढीनेही नकळत अशीच सांकेतिक लिपी वापरली आहे. तिला आपण 'फॉन्ट' म्हणत होतो, एवढेच!

देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ मध्येच स्थान मिळाले, पण तिची सोय विंडोजमध्ये आली ती विंडोज २००० पासून, आणि छपाईच्या व्यवसायात ती रुळायला त्यानंतरही बराच काळ गेला. मधल्या काळात मराठीची अक्षरजुळणी श्रीलिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम यांसारख्या प्रणालींवर झाली. त्यांच्या फॉन्टमध्ये सामान्यतः रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत, आणि प्रत्येकाची मांडणी निराळी होती. म्हणून त्या काळातली फाइल नव्या संगणकावर उघडली की कवितेच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. मजकूर तिथे असतो, हरवलेली असते ती किल्ली. त्यात ही जुळणी बहुधा पेजमेकरमध्ये झालेली असते, आणि त्या पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची आहे.

रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवली जात. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येई आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये हा क्रम नेमका उलटा आहे. त्यामुळे रूपांतरात वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात. बिघडले कुठे हे ठरवायचे, तर मूळ पान मूळ रूपात समोर लागते. ते दाखवू शकतो तो जुनी प्रणाली व जुना फॉन्ट सांभाळणारा जुना संगणकच. हस्तलिखितांच्या पाठभेदांवर परिश्रम घेणाऱ्या आपल्या परंपरेला हे नव्याने समजावून सांगण्याची गरज नसावी.

अन्यत्र याची जाण आलेली दिसते. मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दींची कागदपत्रे अमेरिकेतील एमरी विद्यापीठाने २००६ मध्ये मिळवली, त्यांत त्यांचे चार ॲपल संगणकही होते. २०१० मध्ये हा संग्रह खुला झाला, तेव्हा रश्दींच्या जुन्या मॅकिंटॉशचे वातावरण जसेच्या तसे उभे करून अभ्यासकांपुढे ठेवण्यात आले. लेखकाचा संगणक हा त्याच्या दप्तराचाच भाग आहे, हे त्या विद्यापीठाने मान्य केले. आपल्याकडे नव्वदोत्तरी मराठी कवितेवर चर्चासत्रे भरतात. पण ती कविता छापणाऱ्या अनियतकालिकांची जुळणी ज्या यंत्रांवर झाली, त्यांची चौकशी आपण करतो का?

जुने यंत्र खर्चिक असते, सुटे भाग मिळत नाहीत, सुरक्षिततेचा धोका असतो, असे आक्षेप घेतले जातात. ते रास्त आहेत. म्हणून जुनी विंडोज प्रणाली असलेले यंत्र इंटरनेटला मुळीच जोडू नये. मात्र कपाटात बंद करूनही ठेवू नये. न वापरलेली हार्ड डिस्क नेमक्या गरजेच्या वेळी दगा देऊ शकते. यंत्र अधूनमधून चालवले तर त्याचे दुखणे वेळेवर कळते. फाइलींबरोबर फॉन्टच्याही प्रती काढाव्यात. एखाद्या प्रणालीला हार्डवेअर लॉक लागत असेल, तर ते लॉक यंत्रासोबतच जपावे.

प्रत्येक मराठी विभागाने असा निदान एक संगणक चालता ठेवावा, आणि एम.ए.च्या विद्यार्थ्यांना परिसरातील एखाद्या बंद पडलेल्या नियतकालिकाच्या फाइली युनिकोडमध्ये आणून त्यांची शुद्धप्रत सिद्ध करण्याचे काम प्रकल्प म्हणून द्यावे, असे आम्ही सुचवतो. पाठचिकित्सा शिकवण्याचा याहून जिवंत मार्ग आम्हांस सुचत नाही. ही जुळणी करणारी माणसे आज आपल्यात आहेत, कोणता फॉन्ट कुठे वापरला हे त्यांना आठवते. त्यांना विचारून घेण्याचे काम याच काळात व्हायला हवे. ते होईपर्यंत तरी भंगारवाल्याला थांबायला सांगावे.