'आधी किट मागव' म्हणणाऱ्यांनो...

आमच्या माळ्यावर एक खोका आहे. त्यात नेल्सनची 'व्हिक्टरी' आहे. म्हणजे तिचा साधारण एक तृतीयांश. सांगाडा उभा आहे, डाव्या अंगाला नऊ पट्ट्या चिकटवल्या आहेत, उजव्या अंगाला एकही नाही, आणि त्यामुळे अख्खं जहाज केळासारखं वाकलंय. (पट्ट्या नेहमी आलटून पालटून लावायच्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. एकाच बाजूने लावत गेलं की सुकताना ती बाजू ओढ घेते आणि कणा वाकतो. हे नंतर सांगून काय उपयोग म्हणा!)

खोका माझ्या भाच्याचा. २०२२ साली, चौदा वर्षांचा असताना त्याने विचारलं होतं, "मामा, मी पहिलं जहाज कुठलं करू?" आणि मी मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, "आधी चांगला परदेशी किट मागव. व्हिक्टरी घे, आयुष्यभर पुरेल."

पुरलाच. त्याच्या वडिलांनी चांगले पैसे मोजले, मुलगा दोन महिने खपला आणि मग खोका माळ्यावर गेला. पैशांचं जाऊ द्या. त्यानंतर त्याने मला या विषयावर एकही प्रश्न विचारलेला नाही, हे जास्त लागतं.

म्हणून आज जरा भांडायचंय. तुमच्याशी आणि आधी स्वतःशी.

लाकडी जहाजं करणारे आपण लोक जळगाव-धुळ्यात बोटांवर मोजण्याइतके. नवा कुणी आला की आपलं उत्तर ठरलेलं, 'आधी किट मागव.' का? कारण आपण तसंच शिकलो आणि आपल्या शोकेसमध्ये तेच ठेवलंय. खरं सांगू? हा सल्ला त्या पोराची सोय बघून दिलेला नसतो. त्यात आपल्या शोकेसची जाहिरातच जास्त असते.

व्हिक्टरी १७६५ साली पाण्यात उतरली. शंभरावर तोफा, तीन डोलकाठ्या आणि दोरखंडांचं जंगल. ती उभी आहे पोर्ट्समथला. जळगावचा पोरगा अडला की जाणार कुठे? पुस्तिकेत लिहिलंय तेवढं करायचं आणि पुस्तिका गप्प झाली की आपणही गप्प बसायचं. यातून सूचना पाळायची सवय लागते. जहाज कसं उभं राहतं ते कळत नाही.

आता दुसरी गोष्ट. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. फर्दापूरला उतरायचं, दोन नंबरच्या लेण्यात जायचं. साधारण पाचव्या शतकातलं चित्र. तीन उंच डोलकाठ्या, अरुंद उभी शिडं, मागच्या बाजूला रांगेने ठेवलेली मडकी, नाळेवर काढलेला डोळा. सोपाऱ्याच्या व्यापारी पूर्णाची ही गोष्ट. आपण पाहुण्यांना घेऊन किती वेळा तिथे गेलो असू? त्या जहाजासमोर पाच मिनिटं तरी थांबलो का? मी नव्हतो थांबलो.

त्याच चित्रावरून गोव्यात खरं जहाज बांधलं गेलं. कणा सप्टेंबर २०२३ मध्ये ठेवला. केरळचे कसबी कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवल्या. २१ मे २०२५ ला कारवारमध्ये ते 'कौंडिण्य' नावाने नौदलात दाखल झालं. २९ डिसेंबर २०२५ ला पोरबंदरहून निघालं आणि १४ जानेवारी २०२६ ला मस्कतला पोचलं. ऐन संक्रांतीला!

इथे तुम्ही म्हणाल, "आलं हे स्वदेशीचं भूत!" नाही हो. इंग्रजी जहाज करायचंच असेल तर 'त्रिंकोमाली' करा. तीही ब्रिटिश नौदलाचीच, पण १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतेय. माझा मुद्दा देशाचा नाहीच, अंतराचा आहे. नवख्याला असं जहाज सांगा, जे तो एस.टी.ने जाऊन बघू शकेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. "अजिंठ्याच्या जहाजाला नकाशे कुठे आहेत? नवखा भरकटेल." खरंय. किटमध्ये फासळ्या नेमक्या कापून येतात, पट्ट्या लावायचा हात बसतो, हे मी नाकारत नाही. पण नकाशे तर कौंडिण्य बांधणाऱ्यांकडेही नव्हते. भिंतीवरच्या सपाट चित्रावरून पोटाचा आकार ठरवायचा होता. त्यांनी काय केलं? आधी मॉडेल केलं आणि आय.आय.टी. मद्रासच्या मदतीने त्याच्या चाचण्या घेतल्या. लहान जहाज हे मोठ्या जहाजाला विचारलेला प्रश्न असतो. आपण त्याचा शोपीस करून टाकलाय.

यंदा धुळ्याच्या पुतणीने तोच प्रश्न विचारला. या वेळी मी किटचं नाव काढलं नाही. वही-पेन्सिल देऊन तिला अजिंठ्याला नेलं. कौंडिण्य साधारण वीस मीटर लांब आहे, एकास पन्नास धरलं तर चाळीस सेंटिमीटर. सुताराकडून सागाचे उरलेले तुकडे आणले, दोन मिलिमीटरच्या पट्ट्या काढून घेतल्या, गरम पाण्यात भिजवून वाकवल्या, कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवल्या. सुतार म्हणाला, "भोकं एका रेषेत पाडू नको ताई, फळी उभी चिरेल. वर-खाली पाड." गोधड्या शिवणारी तिची आजी म्हणाली, "टाके आधी सैल घाल गं, मग एकेक ओढत ये." माझ्या सगळ्या परदेशी पुस्तकांत हे दोन सल्ले मला मिळाले नव्हते.

शीड थोरल्या काकांच्या जुन्या धोतराचं. धोतर देताना ते म्हणालेच, "आठे समुद्र कोठे शे?" पुतणीनेच उत्तर दिलं, "आबा, आपली पांझरा तापीला मिळते आणि तापी सुरतेला समुद्राला." एकेकाळी खानदेशचं कापड सुरतेहूनच जहाजांवर चढायचं. काका गप्प. (हे फार क्वचित घडतं.)

जहाज सरळ झालंय का? नाही. उजव्या अंगाला थोडं कलतं. पण का कलतं ते तिला माहीत आहे, आणि दुसरं जहाज कसं करायचं हेही तिने ठरवलंय. प्रश्न तर रोज येतात, रात्री अकरालासुद्धा!

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणी पोरगं विचारायला आलं तर किटचं नाव सांगण्याआधी आपलं माळ्यावरचं अर्धवट जहाज खाली काढून दाखवा. कुठे चुकलं ते सांगा. प्रत्येकाच्या माळ्यावर एक असतंच.

आमचा खोकाही उतरवतोय येत्या रविवारी. भाच्याला बोलावलंय. येतो का बघू...