तुग्यानीची खूण

हैदराबादच्या जुन्या मराठी घरांतून एके काळी वडीलधाऱ्यांचे वय विचारले, तर सन न सांगता ‘तुग्यानीच्या आधी दोन वर्षे’ असे उत्तर मिळे. तुग्यानी म्हणजे 28 सप्टेंबर 1908 चा मुशीचा महापूर. त्यात सुमारे 15,000 माणसे दगावली असे मानतात. कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. अफझलगंजच्या चिंचेने दीडशे जणांना आपल्या फांद्यांवर तारले. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात दाखवतात.

पुढल्या वर्षी विश्वेश्वरय्या आले. पुण्याच्या लोकांना ते खडकवासल्याच्या स्वयंचलित दारांमुळे ठाऊक होतेच. त्यांनी वरच्या पाणलोटाचा हिशेब मांडला, तेव्हा 788 तलावांपैकी 221 फुटल्याचे दिसले. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्यावर, खालच्याचे त्याच्याही खालच्यावर. यावर तोड म्हणून 1920 साली उस्मानसागर व 1927 साली हिमायतसागर उभे राहिले, आणि मुशी वेसणीत आली असे शहराने धरून चालले.

पण ऑक्टोबर 2020 मध्ये पाणी आले ते निराळ्याच वाटेने. शहरावरच पाऊस कोसळला, बालापूरच्या गुर्रम चेरुवूचा कट्टा फुटला आणि हाफिझ बाबानगरातील घरे बुडाली. सप्टेंबर 2025 मध्ये ऐन नवरात्रात दोन्ही सागरांचे दरवाजे उघडले, तेव्हा मुशी इम्लीबनच्या बस स्थानकात शिरली. ही साले एकत्र वाचली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. आमचा घात मृग-आर्द्रा करीत नाहीत, हस्त-चित्रा करतात. नालेसफाईची घाई मात्र मृगापूर्वी. भाद्रपदापर्यंत तोच नाला पुन्हा किती भरला, हे कचेरीतील नकाशा सांगत नाही. नाल्याच्या तोंडाशी पान-बिडीचे दुकान मांडून बसलेला माणूस सांगतो.

आमचे म्हणणे एवढेच की त्याला विचारावे. पाणी प्रथम कोणत्या गल्लीत चढते, रात्री किती वाजता चढले, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली आजी आहे, शाळेच्या वरच्या मजल्याची किल्ली कोणाकडे असते, हे सारे मोहल्ल्याला तोंडपाठ असते. महापालिकेच्या अभियंत्याने कागद घेऊन या लोकांबरोबर एक फेरी मारावी. तीही बायकांना सवड असेल अशा वेळी, कारण पाणी उपसतात त्या. बोलणे दखनीत आणि तेलुगूत व्हावे. आणि फेरीत जे कळेल, ते त्याच लोकांसमोर वाचून दाखवावे.

सप्टेंबर 2024 मध्ये चादरघाटाजवळच्या मुशीकाठच्या घरांवर सरकारी माणसांनी लाल अक्षरे रंगवली. घर पाडण्यासाठी ही खूण, असे कळताच वस्ती खवळली. नदीच्या पात्रात वस्ती नसावी, हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु ज्या हातांनी ती अक्षरे काढली, त्यांनी आधी त्याच भिंतीवर 2020 चे पाणी कोठवर आले होते त्याची रेघ ओढली असती, घरमालकाला विचारून ओढली असती, तर पुढचे बोलणे वेगळ्या सुरात झाले असते. धोका स्वतःच्या तोंडाने सांगितलेला माणूस स्थलांतराच्या गोष्टीला निदान बसतो तरी. न विचारता उठवलेला माणूस दुसऱ्या सखल जागी जाऊन बसतो, आणि आपण त्याला पुन्हा नोटीस देतो.

गौळीगुडा, काचीगुडा, शालिबंडा येथील आमच्या घरांपैकी बरीच उंचावर आहेत. पुराची झळ आपल्याला क्वचितच लागते. म्हणून हात झटकता येत नाहीत. आपल्यापाशी चार पिढ्यांची उर्दू आहे, कामापुरती तेलुगू आहे, 1907 सालची विवेकवर्धिनी आहे, सुलतान बझारातील ग्रंथसंग्रहालय आहे. आजोबांच्या वह्यांत, जुन्या खरेदीखतांत पुसून गेलेल्या नाल्यांची व कुंट्यांची नावे सापडतील. ती उतरवून काढावीत. अंबरपेठचा बतुकम्मा कुंटा 2025 मध्ये पुन्हा खोदून काढला गेला, तेव्हा असले काम होण्याजोगे नाही असे कोणी म्हणू नये. उतरवलेली नावे संग्रहालयातच ठेवून भागणार नाही. त्यांची एक प्रत वॉर्डाच्या कचेरीत आणि दुसरी नाल्याकाठच्या त्या पानवाल्याकडे, हस्त लागण्यापूर्वी पोहोचली पाहिजे.