मोळी उचलण्याआधी सहा आठवडे

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : गर्भाशयमुखाच्या व गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियेनंतर ऊसतोड कामगार महिलांना भरपाईसह विश्रांती व पुनर्तपासणी मिळण्याबाबत.

महोदय,

२०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दिलेल्या अहवालानुसार बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण सहा जणींत एक. त्या शस्त्रक्रिया गरजेच्या होत्या का, यावर तेव्हा वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण टाके पडल्यावर त्या बायका कुठे निजल्या, कितव्या दिवशी फडात उतरल्या, हे फारसे कोणी विचारले नाही.

पिशवी काढल्यावर सहा आठवडे जड उचलायचे नसते. गर्भाशयमुखाचा फक्त खराब भाग काढण्याची ‘लीप’ ही शस्त्रक्रिया त्यामानाने लहान. विजेच्या तारेच्या बारीक फासाने ती होते आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. आतली जखम भरायला मात्र तीन-चार आठवडे लागतात. तोवर तपकिरी, पाण्यासारखे जाते. या काळात शरीरसंबंध टाळायचे असतात. साधारण दुसऱ्या आठवड्यात खपली सुटते आणि काहींना तेव्हा जोराचा रक्तस्राव होतो. नेमक्या त्याच सुमारास बाई ‘बरी झाली’ म्हणून कामाला लागलेली असते.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या नावावर, खाडा पडला की दंड दोघांना. पहाटेपासून तोडणी, मग मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचे. मुक्काम कोपीत, पाणी लांबून आणायचे. अशा ठिकाणी ‘आराम करा’ हे कागदावरचे दोन शब्द म्हणजे उपचार नव्हे.

म्हणून पहिली आणि सर्वांत निकडीची मागणी पैशांची आहे. लीपनंतर चार व पिशवी काढल्यानंतर सहा आठवड्यांची बुडीत मजुरी ऊसतोड कामगार कल्याण महामंडळामार्फत थेट महिलेच्या खात्यात जमा व्हावी आणि त्या दिवसांचा खाडा धरण्यास मुकादमाला मनाई असावी. तातडीची नसलेली शस्त्रक्रिया वैशाख-ज्येष्ठात, बाई गावी असताना ठेवावी. घरी जाताना तिला मराठीत चिठ्ठी द्यावी. ती आशाताईने वाचून दाखवावी. ताप, दुर्गंधी, तासाभरात कापड भिजणे या खुणा दिसल्यास कोणत्या दवाखान्यात जायचे, तेही त्यात असावे. कारखान्याच्या तळावर आठवड्यातून दोनदा परिचारिका यावी.

पुनर्तपासणीही तितकीच महत्त्वाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार कर्करोगपूर्व बदलांवर उपचार झाल्यानंतर बारा महिन्यांनी एचपीव्ही या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या विषाणूची तपासणी व्हायला हवी. अशा बदलांमुळे पिशवी काढली असेल तरीही योनीच्या वरच्या टोकाची तपासणी चुकवता येत नाही. ‘पिशवीच गेली, आता काय तपासायचे’ हा समज गावोगाव आहे. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, १ लाख ३१ हजारांहून अधिक महिलांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे होतात, हे त्यातून २००९ साली जगापुढे आले. ज्या मराठवाड्यातून हा पुरावा गेला, तिथल्याच बायकांना ही तपासणी उपकेंद्रावर मोफत मिळावी आणि तिची नोंद त्यांच्यासोबत कारखान्यापर्यंत पोहोचावी.

दसरा झाला की टोळ्या गाव सोडू लागतात. त्यापूर्वी शासन आदेश निघावा आणि त्याची प्रत प्रत्येक साखर कारखान्याच्या शेतकी कार्यालयात लावली जावी, ही विनंती.

निवेदक : बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिला
(सह्या व अंगठे सोबत जोडले आहेत)