वचन पाठ आहे, पुढे काय?

मी सातवीत असताना शब्बाथ शाळेच्या परीक्षेत माझा पहिला क्रमांक आला होता. मत्तयकृत शुभवर्तमानाचे पाचवे, सहावे आणि सातवे हे तीन अध्याय, म्हणजे प्रभू येशूचे डोंगरावरील प्रवचन, मी न अडखळता म्हणून दाखवले होते. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. तो डबा अजून घरी आहे. आई त्यात चहाची पूड ठेवते. ते तीन अध्यायही मला अजून पाठ आहेत. परंतु गेली दोन वर्षे एक प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. हे वचन मला पाठ आहे हे खरे, पण ते मला येते असे म्हणता येईल काय?

मित्रहो, हा प्रश्न ख्रिस्ती माणसांचा आहे, आपला नाही, असे समजून कृपया पान उलटू नका. आपल्यापैकी अनेकांच्या गावी दरवर्षी सप्ताह बसतो, ज्ञानेश्वरीचे पारायण होते. ग्रंथ वाचून झाला, वाचणाऱ्यात काय बदलले, हा प्रश्न तिथेही कोणी ना कोणी विचारत असेलच. पण दुसऱ्याच्या उंबऱ्याच्या आत शिरून उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. मी माझ्या घरापुरते बोलते.

आम्हा ख्रिस्ती घरांत लहानपणापासून वचने पाठ करून घेतात. ही पद्धत वाईट आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. पाठ असलेले वचन अडीअडचणीला आठवते; पुस्तक जवळ नसले तरी ते जवळ असते. दोष निराळ्याच ठिकाणी आहे. आपण मनाशी अशी समजूत करून घेतो की आधी शास्त्र शिकावे, ते पुरते समजले म्हणजे मग आचरणात आणावे. शिकणे ही पहिली पायरी, पाळणे ही दुसरी. आणि पहिली पायरी एवढी लांबरुंद असते की दुसरीवर पाऊल टाकण्याची वेळच येत नाही. माझे मत असे आहे की ह्या दोन पायऱ्या नाहीतच. पोहणे जसे पाण्यात उतरूनच येते, तसे वचन पाळतानाच कळते. काठावर बसून जेवढे कळते तेवढ्यावर परीक्षा पास होता येते, इतकेच.

हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. ज्या प्रवचनाबद्दल मला बक्षीस मिळाले, त्याचा शेवटच मुळी ह्या मुद्द्यावर आहे. दोन माणसे घरे बांधतात. एकाचे खडकावर, दुसऱ्याचे वाळूवर. पाऊस येतो, पूर येतो, वारा सुटतो. एक घर उभे राहते, दुसरे कोसळते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की दोघांनीही वचन ऐकलेले आहे. फरक एवढाच की एकाने ऐकून तसे केले आणि दुसऱ्याने नुसते ऐकले. आम्हा मुळशीकरांना ह्या दाखल्यावर टीका वाचण्याची गरज नाही. ताम्हिणीकडून येणारा पाऊस काय असतो आणि पाया कच्चा असला तर श्रावणात भिंतीचे काय होते, हे आम्ही पाहिलेले आहे. उन्हाळ्यात सगळीच घरे सारखी दिसतात.

वचन शिकणे आणि पाळणे एकाच आयुष्यात कसे नांदते, हे पाहायचे तर आपल्याच जिल्ह्यात पाहता येईल. मुळशी जिल्ह्याच्या पश्चिमेला, पाण्यापावसाची. केडगाव पूर्वेला, दौंड तालुक्यातील कोरड्या मुलखात. तेथे पंडिता रमाबाईंनी उभारलेले 'मुक्ती' आजही चालू आहे. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंना संस्कृत आई-वडिलांनी शिकवले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले. पाठांतराच्या बाबतीत त्यांची बरोबरी करणारे त्या काळी फार थोडे असतील. पण त्यांचे मन कशाने हलले? इंग्लंडला गेल्यावर लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले एक घर त्यांना दाखवण्यात आले. अशा स्त्रियांना कोणी मायेने वागवते आहे, हे त्यांनी तेथे पाहिले. असे का करता, हे विचारल्यावर तेथील भगिनीने त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. हे सर्व रमाबाईंनी स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवले आहे. म्हणजे त्यांनी वचन आधी कोणीतरी पाळलेले पाहिले, आणि मग ऐकले. १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरही कित्येक वर्षे आपल्याला धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, असेही त्यांनी मोकळेपणाने कबूल केले आहे. एवढी विद्वान बाई असे लिहिते, तेव्हा सातवीतल्या बक्षिसावर भिस्त ठेवणाऱ्या माझ्यासारखीने काय म्हणावे?

ती विहिरीवरची गोष्ट रमाबाईंनी कागदावर राहू दिली नाही. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, ते पुढे पुण्याला आणले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, बायकांना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, घरे बांधली. आणि फुलहॅमला पाहिले होते तसे टाकलेल्या स्त्रियांसाठी 'कृपासदन'ही उभे केले.

येथे कोणी म्हणेल की मग अभ्यास हवा कशाला, सेवा केली म्हणजे झाले. रमाबाईंचे उत्तर त्यांच्या उरलेल्या आयुष्यात आहे. उतारवयात त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. मराठीत शास्त्र आधी नव्हते असे नाही. फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापले गेले होते. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८११ साली मराठी नवा करार छापला होता. परंतु केडगावच्या आश्रमात आलेल्या बाईला, जिने शाळेचे तोंड पाहिले नाही, तिला समजेल असे वचन रमाबाईंना हवे होते. संस्कृतच्या पंडितेने संस्कृत शब्द टाळून लिहिले, ह्याहून मोठा त्याग विद्वानाला कोणता असेल? भाषांतर संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. ते बायबल १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले आणि त्याचे खिळे जुळवले ते तेथल्या मुली-बायकांनी. सेवा करणारीलाच अभ्यासाची खरी गरज भासली, असा ह्याचा अर्थ मी घेते. आपण कोणासाठी वाचतो आहोत हे ठाऊक असले की वाचन आपोआप कसून होते.

दुसरे उदाहरण मराठीच्या विद्यार्थ्यांना परिचयाचे आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांना १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यातील डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरले ते सोडले नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी, मूल, नातेवाईक सर्वांपासून दूर होण्याची वेळ आली. पुढे १९१७ साली त्यांनी मिशनची पगाराची नोकरीही सोडली. पण मला टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंचा प्रसंग अधिक जवळचा वाटतो. 'स्मृतिचित्रे' वाचताना दिसते की त्या पतीकडे परतल्या तरी सोवळे पाळत होत्या, पाणी वेगळे ठेवत होत्या. मग एके दिवशी स्वतःच विचार करून त्यांनी ठरवले की जात माणसाने केलेली आहे, आता कोणाच्याही हातचे खाईन. बाप्तिस्मा त्यानंतरचा. धर्मशास्त्राचे पुस्तक त्यांनी पुरे केले नव्हते. पण जेवढे पटले तेवढे त्याच दिवशी चुलीपर्यंत नेले.

चुलीपर्यंत म्हटल्यावर आता माझ्या घरी यावेच लागते.

आमच्या तालुक्यात जमिनीचे काय झाले आहे हे सर्वांना ठाऊक आहे. हिंजवडीला कंपन्या आल्या, डोंगरात बंगले उठले. पूर्वी एकरावर बोलणारी माणसे आता गुंठ्यावर बोलतात, आणि एकाच आईच्या दुधावर वाढलेले भाऊ एकमेकांशी बोलतच नाहीत. आमचे घर ह्याला अपवाद नाही. आजोबांची भाताची खाचरे वडिलांच्या आणि थोरल्या चुलत्यांच्या वाटणीला आली. मधला बांध दोन हात इकडे की तिकडे, ह्यावरून सहा वर्षे बोलणे बंद आहे. रविवारी मात्र दोन्ही घरे एकाच उपासनेला जातात. प्रभुभोजनाच्या वेळी एकाच भाकरीचा तुकडा दोघांच्या हातावर येतो, आणि दोघे वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतात.

ह्यात मी नुसती पाहणारी असते तर हा लेख लिहिला नसता. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडिलांना अक्षरओळख आहे, पण अर्जविनंती जमत नाही. माझ्या शिक्षणाचा घराला झालेला पहिला उपयोग म्हणजे दोन वर्षांपूर्वी आबांच्या, म्हणजे चुलत्यांच्या, विरुद्ध मोजणीचा तक्रारअर्ज मी सुवाच्य अक्षरात लिहून दिला. भाषा चांगली साधली होती. वडिलांना अभिमान वाटला. मलाही वाटला. आणि माझ्याच वर्गात असलेल्या चुलत बहिणीशी मी बोलणे टाकले.

मला पाठ असलेल्या पाचव्या अध्यायात असे सांगितले आहे की अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे तिथे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. हे मी बक्षिसाच्या दिवशी एका दमात म्हटले होते. अर्ज लिहिताना मला ते एकदाही आठवले नाही. ह्याला शास्त्र येणे म्हणतात काय?

माझी आजी निरक्षर होती. तिला फार तर चार-पाच वचने येत असतील, तीही ऐकून. पण रोज तांदूळ धुवायला घेताना एक मूठ ती बाजूला काढून ठेवी, आणि महिन्याचे साठलेले धान्य ज्याच्या घरी चूल पेटत नसेल त्याच्याकडे, जात न विचारता, जाई. चार वचने आणि चारही चालती. माझ्याकडे तीन अध्याय, आणि तिन्ही डब्यात बंद!

गेल्या नाताळाच्या आधीच्या आठवड्यात मी आबांच्या घरी गेले. बांधाचा निकाल लावणे माझ्या हातात नव्हते. पण अर्जातली तिखट वाक्ये माझी होती आणि बहिणीशी अबोला माझा होता. तेवढ्याची क्षमा मागितली. काकू म्हणाली, "दारात काय उभी, आत ये." चहा झाला. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारले, "परीक्षा कधी आहे तुमची?" एवढेच. घरी आल्यावर वडीलही बोलले नाहीत. दोन दिवसांनी जेवताना ताटाकडे पाहत म्हणाले, "तिकडे बरे आहेत ना सगळे?"

बांध होता तिथेच आहे. चमत्कार झाला असे सांगून मी वाचकांना फसवणार नाही. परंतु आधी समेट आणि मग अर्पण, असा क्रम का सांगितला असेल, हे मला त्या दिवशी आबांच्या ओट्यावर चढताना कळले. वेदीपाशी देवापुढे वाकणे सोपे असते. तिथे देव चहाला थांबवून घेत नाही. भावाच्या दारात मात्र मान खाली घालून उभे राहावे लागते.

शेवटी एक धोका सांगितला पाहिजे. वचन लावायचे म्हटले की ते दुसऱ्याला लावण्याची हौस फार. सुनेला नम्रतेचे, गरिबाला समाधानाचे, मुलांना आज्ञाधारकपणाचे वचन ऐकवणारे पुष्कळ भेटतात. कुसळ आणि मुसळ ह्यांतला फरक येशूनेही सांगितला आहे आणि आपल्या म्हणीनेही. म्हणून मला एवढीच कसोटी सुचते: वाचलेले वचन आधी स्वतःला लावावे, तेही जवळच्या माणसाच्या बाबतीत, आणि जमेल तेवढे आजच. उरलेले समजायला मग आयुष्यभर अभ्यास करावा; रमाबाईंनी केला तसा.

गुरुजनहो, आम्ही गाइडातून उत्तरे पाठ करतो आणि पेपर झाला की विसरतो, ही तुमची तक्रार रास्त आहे. ती सवय आम्ही देवळात आणि चर्चमध्येही घेऊन जातो. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या आम्हा मुलामुलींकडे घराने मोठ्या आशेने लेखणी दिली आहे. त्या लेखणीने भावाविरुद्ध अर्ज लिहावा की भावाला चिठ्ठी, हे परीक्षेत विचारणार नाहीत. ते ज्याचे त्याने ठरवायचे आहे.

(द्वितीय वर्ष, कला)